बोटं धरली होती तिथे

गावाचं नाव आली.
दर शुक्रवारी बसमधून उतरताना
मी मनात म्हणतो, आलो.
हा विनोद बहारीनमध्ये कुणाला सांगण्यासारखा नाही.

रस्त्याच्या एका अंगाला जुन्या थडग्यांचे उंचवटे,
दुसऱ्या अंगाला जाफरचा आवा,
आणि पत्र्याच्या सावलीत ओक-हुईबाई.
नवरा हिद्दच्या गोदीत जहाजांची पोटं तपासतो,
ही इथल्या तांबड्या मातीवर
कोरियाचा पांढरा लेप चढवायला शिकवते.

पांढरी माती, ताकाइतकी पातळ.
भाताच्या काडाचा कुंचा.
चाक फिरतं आणि ती एकदाच ओढते.
एकदाच. दुसरा हात नाही.
काडांच्या रेघा उठतात, त्या उठू द्यायच्या.
मी म्हटलं, अहो, हे तर पोतेरं!
आई चुलीवरून फिरवायची तसंच.
तिला शब्द आवडला.
'पो-ते-रा' म्हणते, आणि कुंचा झटकते.

बाकीचा आठवडा मी मनामात दात बनवतो.
पोर्सेलीनचे थर, शेजारच्या दाताचा पिवळेपणा पाहून,
चहाचा डाग, तंबाखूचा डाग, वयाचा डाग,
असे की आरशालाही कळू नये
कुठला देवाने दिलेला, कुठला मी.
एकोणीस वर्षं झाली.
माझं चांगलं काम
अजून कुणाला दिसलेलं नाही.

पहिले तीन वाडगे फुकट गेले.
लेपाला पापुद्रे सुटले, खपल्या हातात आल्या.
जाफर म्हणाला, आमची माती खारट आहे,
दुसऱ्याचा सदरा अंगात घालत नाही.
मग त्यानेच पांढऱ्यात मूठभर इथली माती कालवली.
पांढरा जरा मळला,
पण धरला.

बाईने जुने नमुने दाखवले.
मासा, कमळाच्या पाकळ्या, दोरखंडाचे ठसे,
घाईत काढलेले, वाकडे, मजेत असलेले.
मी मासा काढला.
तिने वाडगा फिरवून पाहिला.
हा मासा तू कधी खाल्लेला नाहीस, म्हणाली.
रोज बघतोस ते काढ.

रोज मी बघतो जबडे.
क्ष-किरणांच्या चित्रात, काळ्यावर पांढरे,
मुळांसकट, ओळीने.

या खेपेला कुंचा नको, म्हणाली, बुडव.
तळाशी धरून वाडगा उलटा बुडवला,
वर काढला, ठेवला,
लेप सुकेपर्यंत दोघं गप्प बसलो.
मग खिशातून कामावरचंच हत्यार काढलं
आणि दातांच्या मधलं पांढरं खरवडत गेलो.
खालची माती वर येत गेली.
एक दाढ. तिची दोन मुळं. शेजारची दाढ.

जबडा टेकबहादुर घर्तीचा.
परांचीवरून पडला तेव्हा पुढचा एक दात गेला होता,
आणि मुलीच्या लग्नात फोटोला तो हवा होता.
मी दिला. झकास बसला.
मांडवात कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

कोरत कोरत पुढच्या दातांशी आलो
तर तिथे लेपच नव्हता.
माझी बोटं धरली होती तिथे
तांबडी माती तशीच, उघडी, अंगठ्याएवढी.
पुसट पांढरं लावून झाकता आलं असतं.
झाकण्यात माझा हात कुणी धरणार नाही.
मी हत्यार खाली ठेवलं.

आवा उघडला तेव्हा जाफरने वाडगा उचलला,
एक एक दात मोजला,
फटीपाशी थांबला, हसला,
आणि त्याच्याही पुढच्या दोन दातांची जागा रिकामी दिसली.
कलिंगडाच्या भाजलेल्या बिया त्याने आत ओतल्या.
आम्ही तिघं फोडत बसलो,
टरफलं थडग्यांकडे वाऱ्यावर.

ओक-हुईबाईने जाता जाता
त्या तांबड्या जागेवर आपला अंगठा ठेवून पाहिला.
बसला नाही.
तिचा बारीक आहे.